सतरा-अठरा

आमच्या जाऊबाई काहीही विसरत नसत. ही तक्रार आहे, कौतुक नाही. लग्न होऊन मी त्या घरात आले त्याला एकतीस वर्षं झाली. तिसऱ्याच दिवशी माझ्या हातून दूध उतू गेलं होतं, आणि त्यांच्या लेखी ते अजून कालच गेलं होतं. "गुरुवार होता. पाहुणे सहा आणि दूध दोन लिटर," असं त्या भरल्या घरात सांगायच्या. त्यात एक अक्षर खोटं नसायचं, त्यामुळे मला भांडायलाही जागा नसायची. कुणाकडे कुठलं पातेलं गेलंय, कुणी कधी आजारपणात विचारपूस केली नाही, माझ्या माहेरच्यांनी कोणत्या साली काय दिलं, सगळं त्यांच्या डोक्यात. घरात त्यांना सगळे 'वही' म्हणत. कोठीच्या खोलीच्या आणि कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याच कमरेला. मी पंचावन्न ओलांडली तरी साखर हवी असली की त्यांच्यापुढे जाऊन उभी राहायचे.

भाऊजी, म्हणजे माझे थोरले दीर, निवृत्त हेडमास्तर. आयुष्यभर हजेरी घेतलेला माणूस. मित्राच्या नावाने 'हजर' म्हणणाऱ्या पोराला त्यांनी एकदा आठवडाभर वर्गाबाहेर उभं केलं होतं आणि ही गोष्ट ते अजून छाती फुगवून सांगतात. बायकोच्या वतीने मात्र तेच बोलत. डॉक्टरने "काय होतंय?" असं जाऊबाईंना विचारलं की दुखणं भाऊजी सांगत. हॉटेलात त्यांना काय आवडतं ते भाऊजी सांगत. वहीला बोलायला मुभा घरात, उंबऱ्याबाहेर नाही.

मुलांनी मिळून आम्हा चौघांना परदेशाची सहल दिली. सात दिवस, एक अवाढव्य राजधानी आणि तिच्या आसपासचं काहीबाही. आम्ही छत्तीस जण आणि आमचा एक टूरवाला. त्याच्या गळ्यात कायम शिट्टी, म्हणून पहिल्याच दिवशी त्याचं नाव शिट्टी पडलं. त्याने विमानतळावरच आमचे पासपोर्ट गोळा करून आपल्या पिशवीत टाकले आणि प्रत्येकाला नंबर दिला. बसमध्ये चढलं की आपापला नंबर ओरडायचा. सगळे नंबर आले की दार बंद. जो उशिरा येईल त्याने पुढे येऊन माइकवर गाणं म्हणायचं. आणि हरवलात तर हलायचं नाही, बस जिथे उभी होती तिथेच थांबायचं, मी परत तिथेच येणार. एवढे तीनच नियम.

भाऊजींना सतरा मिळाला, जाऊबाईंना अठरा. आमच्या ह्यांना एकोणीस आणि मला वीस. पहिल्या हजेरीलाच भाऊजी एका दमात म्हणाले, "सतरा-अठरा!"

"काका, ज्याचा त्याने म्हणायचा," शिट्टी म्हणाला.

"ती माझ्या शेजारी बसलीये, मी काय खोटं सांगतोय?"

शिट्टीने मान डोलावली. दुसऱ्या दिवशी आमच्या ह्यांनीही 'एकोणीस-वीस' म्हणून पाहिलं. मी कोपराने असं ढोसलं की पुन्हा नाव काढलं नाही. माझा वीस मीच म्हणायचे, चांगला खणखणीत.

शहर म्हणाल तर अंगावर येणारं. डोक्यावरून गाड्या, खाली स्कूटरींचे थवे, मध्ये आमची बस अडकलेली. नदी इतकी रुंद की पलीकडच्या इमारती खेळण्यातल्या वाटाव्या. काचेच्या दुकानांत हुडहुडी भरायची आणि दार उघडून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्यावर वाफ. आमची मंडळी मात्र हे सगळं सोडून चहा पातळ कसा, उशी कडक कशी आणि पुढची सीट त्यांनाच रोज का, यावर बोलत होती. मीही बोलत होते. जाऊबाई बोलत नव्हत्या. त्या खिडकीतून पाहायच्या आणि संध्याकाळी जेवताना दिवसभरात किती पूल ओलांडले, कोणत्या चौकात कसला पुतळा होता, ते क्रमाने सांगायच्या. छत्तीस जणांत त्या एकट्या खरोखर सहलीला आल्या होत्या, हे मला आज कळतंय.

दुसऱ्या दिवशी त्यांना उशीर झाला. मोठ्या बागेत बायकांच्या स्वच्छतागृहाबाहेर रांग होती आणि जाऊबाई रांगेतल्या एका परक्या म्हातारीला पुढे जाऊ देत बसल्या. बारा मिनिटं. चढल्या तेव्हा बसमध्ये टाळ्या पडल्या. शिट्टीने माइक हातात दिला. जाऊबाईंनी शाळेतलं एक गाणं सुरू केलं आणि दुसऱ्या ओळीला थांबल्या. विसरल्या नव्हत्या. त्यांना लोकांपुढे घाम फुटतो, मला ठाऊक आहे. पण मागून कुणीतरी म्हणालं, "अहो, वहीचं पान फाटलं!" वही हे नाव बसमध्ये मीच पसरवलं होतं. सगळे खो-खो हसले. मीही हसले, आणि मला फार बरं वाटलं.

रात्री जेवून उठताना भाऊजी त्यांना म्हणाले, "आज तुझ्यापायी मान खाली घालावी लागली. परत असं झालं तर खोलीतच बसून राहायचं."

तिसरा दिवस संग्रहालयाचा. दोन तास जुनी भांडी आणि दगड पाहून सगळे बसकडे निघालो. बसतळावर जमिनीवर पिवळ्या पट्ट्यांनी चौकोन आखलेले, एकेका चौकोनात एकेक बस. तळाच्या कडेला पिण्याच्या पाण्याचे नळ होते. तिथे जाऊबाईंनी माझा हात धरला. रुमालाने मानेवरचा घाम टिपत म्हणाल्या, "मी पटकन जाऊन येते गं. एवढी पिशवी धर. आणि ह्यांना सांग, आलेच म्हणावं."

मी पिशवी घेतली. बसमध्ये चढले, पिशवी त्यांच्या सीटवर ठेवली आणि भाऊजींना सांगितलं, "ताई स्वच्छतागृहात गेल्यात. आलेच म्हणाल्या."

भाऊजींचा चेहरा आंबला. "आजही?"

शिट्टीने हजेरी सुरू केली. मागच्या बाकावर दोन मित्र बसत, ते रोज सगळ्यांत शेवटी यायचे. त्यांच्यामुळे पाच मिनिटं तरी मिळतात हे सगळ्यांना माहीत होतं. भाऊजींनी तोच हिशेब केला असणार. सोळा झाला आणि त्यांनी नेहमीच्या दमात म्हटलं, "सतरा-अठरा!"

नेमके त्या दिवशी ते दोघे मित्र आधीच येऊन बसले होते. छत्तीस नंबर पुरे झाले. दाराने फुस्स केलं. बस हलली.

भाऊजींच्या आणि माझ्या मध्ये फक्त मधली वाट होती. मला खिडकीजवळची रिकामी सीट आणि तिच्यावरची पिशवी दिसत होती. मी भाऊजींकडे पाहिलं. ते सरळ पुढे पाहत होते. फक्त कान लाल झाला होता. मला वाटलं, आत्ता म्हणतील, थांबवा. बस फाटकाबाहेर पडली. आत्ता म्हणतील. पहिला सिग्नल गेला. आता सांगायचं म्हणजे काय सांगायचं? हेडमास्तरांनी खोटी हजेरी लावली, छत्तीस माणसांसमोर, तेही दंडाचं गाणं चुकवायला.

मग मी का गप्प बसले? हे मी स्वतःला शंभरदा विचारलंय आणि दरवेळी तेच उत्तर येतं. मला मजा येत होती. एकतीस वर्षं ह्या माणसाने घरात कुणाला चूक करू दिली नव्हती, आणि त्यांच्या बायकोने कुणाची चूक विसरू दिली नव्हती. आता एक जण माझ्या डोळ्यांसमोर घामाने निथळत होता आणि दुसरी बसतळावर. म्हटलं, बघू तरी किती वेळ तोंड उघडत नाहीत. आमचे हे टोपी डोळ्यांवर ओढून पडले होते. मी भाऊजींसमोर लिमलेटच्या गोळ्या धरल्या. त्यांनी एक घेतली.

दीड तास. शहर संपलं, शेतं आली, शहराबाहेरची टेकडी आली. सगळे उतरले, फोटो काढायला पांगले. तेव्हा भाऊजी शिट्टीजवळ गेले.

"आमची मंडळी दिसत नाहीत कुठे."

"म्हणजे?"

"अठरा नंबर. संग्रहालयापाशी बसमध्ये होती ती. चढली होती. मग परत उतरली असावी, मला न सांगता."

शिट्टीच्या तोंडचं पाणी पळालं. "काका, दीड तास तुम्हाला शेजारची सीट रिकामी दिसली नाही?"

"मला वाटलं, पुढे कुणाशी गप्पा मारत बसलीये." आणि मग भाऊजी माझ्याकडे वळले. आजवर त्यांनी मला कधी काही मागितलं नव्हतं, पाण्याचा पेलासुद्धा जाऊबाईंमार्फत मागत. "तुम्ही पाहिलंत ना? चढली होती ना?"

आजूबाजूचे दहा-बारा जण कान टवकारून उभे. भाऊजींची नजर अशी, की मी तिथे नाही म्हटलं असतं तर ते त्याच टेकडीवर बसकण मारून रडले असते. तेवढ्यासाठी तरी नाही म्हणायला हवं होतं.

"हो," मी म्हणाले. "चढल्या होत्या. मी पाहिलं."

परतीला दोन तास लागले. पुढची नदीतली फेरी रद्द झाली आणि बसमध्ये जो गदारोळ उठला तो विचारू नका. एक बाई म्हणाल्या, "एका माणसासाठी पस्तीस जणांनी का भोगायचं? त्यांना टॅक्सीने बोलवा." पण बोलावणार कसं? जाऊबाईंचा फोन घरी, कपाटात. दोघांत एक पुरे, असं भाऊजींनीच ठरवलं होतं. पासपोर्ट शिट्टीकडे. हॉटेलचं कार्ड पिशवीत, आणि पिशवी सीटवर. जाऊबाईंजवळ त्या शहरात अंगावरचे कपडे आणि एक रुमाल होता.

वाटेत पाऊस लागला, धो धो, अर्धा तास. मग लख्ख ऊन. भाऊजी पुढच्या सीटच्या पाठीला डोकं टेकून बसले होते. एकदा हळूच म्हणाले, "सापडेल ना?" आता मात्र मला ती मजा पुरे झाली होती. त्या सापडू देत, बाकी काही नको, असं मी मनापासून म्हणत होते, आणि त्यातच दुसरं एक मन विचारत होतं, सापडल्यावर त्या काय सांगतील? त्यांना तर सगळंच आठवत असणार.

त्या होत्या तिथेच होत्या. आमची बस जिथे उभी होती त्या पिवळ्या चौकोनाच्या बरोबर मध्ये, साडेतीन तास. त्यांच्या भोवतीने दुसऱ्या बसगाड्या हॉर्न वाजवत वळून जात होत्या. तळावरच्या पहारेकऱ्याने हाताला धरून बाजूला न्यायचा प्रयत्न करून झाला होता. शेवटी त्याने एक प्लास्टिकचं स्टूल आणून ठेवलं. त्यावर त्या बसल्या नव्हत्या, बसलं तर आपण बसमधून दिसणार नाही म्हणून. केस ओले होऊन, वाळून, कपाळाला चिकटले होते. कपडेही भिजले होते आणि का भिजले ते पावसाने झाकलं होतं. आम्हाला पाहून त्या हसल्या. खरं सांगते, लहान मुलासारख्या हसल्या.

"मला माहीत होतं तुम्ही याल. मी हलले नाही बघा." मग मला म्हणाल्या, "तू ह्यांना सांगितलं नाहीस का गं?"

भाऊजींनी मला तोंड उघडू दिलं नाही. "काय सांगायचं? तू बसमध्ये चढली होतीस! परत कशाला उतरलीस?"

"मी? अहो, मी चढलेच नाही. नळापाशी हिला सांगितलं, आलेच म्हणून. नळावर निळी पाटी होती. हिच्या उजव्या हातात पाण्याची बाटली होती, झाकण नसलेली. मी डाव्या हातात पिशवी दिली."

सगळं खरं होतं. झाकणसुद्धा. दारात, खिडक्यांत सगळी बस गोळा झाली होती आणि आता सगळे माझ्याकडे पाहत होते. एवढ्या माणसांत मला ते जुनं दूध आठवलं. गुरुवार, सहा पाहुणे, दोन लिटर.

"ताई," मी अगदी मायेने म्हणाले, "तुम्ही मला काही सांगितलं नाहीत. तुम्ही चढलात, सीटवर पिशवी ठेवलीत. ही बघा."

मी आत जाऊन पिशवी आणली आणि त्यांच्या हातात दिली. ती कोरडी होती. जाऊबाई पिशवीकडे बघत राहिल्या. तिचा बंद सोडला, आतलं कार्ड पाहिलं, परत बांधला.

"पिशवी तर बसमध्ये होती," त्या म्हणाल्या.

"तेच सांगतेय ना."

"मी तुझ्याकडे दिली नव्हती?"

"नाही हो ताई."

त्यांच्या चेहऱ्यावरून काहीतरी खाली उतरताना मी पाहिलं. माझ्यावर ओरडल्या असत्या, मला खोटारडी म्हणाल्या असत्या, तर मी कदाचित तिथेच कबूल केलं असतं. त्या ओरडल्या नाहीत. त्यांनी सगळ्यांकडे पाहून हात जोडले. "माझ्यामुळे तुम्हाला त्रास झाला," म्हणाल्या.

"या वयात व्हायचंच," दुपारी टॅक्सीचं सुचवणाऱ्या बाई म्हणाल्या.

बस सुटल्यावर मागून कुणीतरी गमतीने आवाज दिला, "गाणं राहिलं!" शिट्टीने मानेनेच नको म्हटलं. पण भाऊजींच्या जिवात जीव आला होता. ते म्हणाले, "नियम तो नियम. घे माइक." जाऊबाई ओल्या कपड्यांनी उठल्या. कालचंच गाणं घेतलं. ह्या वेळी त्या दुसऱ्या ओळीला थांबल्या नाहीत. चारही कडवी म्हटली, एकही शब्द न चुकता, आमच्या सगळ्यांकडे एकेक करून पाहत. कुणी ऐकत नव्हतं. एसी फार आहे म्हणून पुढे भांडण लागलं होतं. संपल्यावर मी टाळ्या वाजवल्या.

संध्याकाळी हॉटेलच्या लिफ्टपाशी आम्ही दोघीच होतो. त्यांनी माझं मनगट धरलं. हात गरम लागला, ताप होता.

"एकदा खरं सांग. मी रागावणार नाही. मी चढले होते?"

आता तिथे भाऊजी नव्हते, बस नव्हती, कुणी नव्हतं. खरं बोलायला एवढी चांगली जागा मला पुन्हा मिळणार नव्हती.

"हो ताई," मी म्हणाले.

"बरं," त्या म्हणाल्या. "तू कशाला खोटं बोलशील?"

सहलीचे उरलेले चार दिवस त्या खोलीतच बसून राहिल्या. घरी आल्यावर भाऊजींनी त्यांना डॉक्टरकडे नेलं आणि नेहमीप्रमाणे दुखणं स्वतः सांगितलं. आधी बसचा प्रसंग, मग त्यात आणखी चार गोष्टी घातल्या. मला वाटतं, त्या घालताना त्यांनाही त्या खऱ्या वाटत होत्या. गोळ्या सुरू झाल्या. गोळ्यांनी जाऊबाईंना दुपारभर झोप येऊ लागली, आणि झोपेतून उठल्यावर वार आठवेना. झालं, पुरावाच मिळाला. एका सकाळी त्यांनी स्वतःच्या हाताने किल्ल्यांचा जुडगा माझ्यापुढे ठेवला. "तूच सांभाळ. माझा आता भरवसा नाही." जुडगा मला वाटला होता त्यापेक्षा जड निघाला. मी तो कमरेला लावला.

कालपरवाच आमचे हे दाढी करताना आरशात बघून म्हणाले, "त्या दिवशी टोपीखाली मला झोप लागली नव्हती बरं का." मी थांबले. त्यांनी वस्तरा धुतला आणि नाश्त्याला काय आहे ते विचारलं.

आता त्या दुधाची गोष्ट कुणी काढत नाही. जाऊबाईंना ती आठवत असणार, पण सांगायचं धाडस होत नाही. मध्येच थांबून माझ्याकडे बघतात, बरोबर आहे ना म्हणून. दर महिन्याला मीच त्यांना गाडीतून डॉक्टरकडे नेते. त्या सीटवर बसतात, दार ओढून घेतात, पिशवी मांडीवर घट्ट धरतात आणि म्हणतात, "अठरा." मग माझ्या हातावर हात ठेवतात. "मी चढले. बघितलंस ना?"

"बघितलं, ताई," मी म्हणते, तेव्हा कुठे त्या मागे टेकतात.

मागच्या महिन्यात मी गप्प राहिले. का, ते विचारू नका. सवय म्हणा. त्यांनी दोनदा विचारलं, मी समोरच्या काचेतून बाहेर बघत राहिले. मग दार उघडल्याचा आवाज आला. जाऊबाई खाली उतरल्या, दोन पावलं मागे जाऊन उभ्या राहिल्या आणि पुन्हा चढल्या.

"अठरा," त्या म्हणाल्या. "आता?"